साफ आवाजाचे हेडफोन

कारखान्यातून आलेला हेडफोन जसाच्या तसा कानाला लावणाऱ्या माणसाला मी आळशी म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. विकत मिळणारा हेडफोन कुणा एकाच्या कानाचा विचार करून बनवलेला नसतो, तेव्हा तो उघडायचा, बघायचा आणि आपल्याला हवा तसा करून घ्यायचा, असं माझं मत होतं. आणि माझं मत मी कुणी न विचारताही सांगायचो.

मी पाणीखात्यात गळती शोधणारा. रस्त्यावर मायक्रोफोन ठेवायचा, त्याची वायर कमरेच्या पेटीत जाते, पेटीतून हेडफोन कानात. डांबराखाली दीड मीटरवर पाइप कुठे फुटलाय ते ऐकायचं आणि खडूने फुली मारायची. मग माझा जोडीदार लेओबार्दो तिथे पहार घालतो. बावीस वर्षं हेच केलं. आमच्या मेक्सिको शहराखाली जुन्या तळ्याचा चिखल आहे. तो खचतो, पाइप तुटतात आणि आमच्या घरची चूल पेटते.

खात्याचा हेडफोन मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. सगळा ढब्ब आवाज. बस गेली की घुम्म, ट्रक गेला की घुम्म, कोपऱ्यावरच्या तोर्तियावाल्याने मक्याच्या रोट्यांचं यंत्र चालू केलं की घुम्म. गळतीचा आवाज खरा बारीक असतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तो बिचारा या घुमाराखाली गाडलेला. शेवटी चिडून मी हेडफोन घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला.

आधी कानाच्या गाद्या काढल्या. आत पडद्यासमोर नमद्याची एक चकती होती. ती सोलून टाकली, त्यासरशी बारीक आवाज मोकळा झाला. वाटीच्या पाठीमागे टाचणीएवढं छिद्र असतं, त्यातून जाड आवाजाला श्वास मिळतो. त्यावर दवाखान्यातली कागदी पट्टी चिकटवली. एक थर, मग दोन, मग तीन. प्लॅस्टिक थरथरू नये म्हणून वाटीला आतून मुलीची खेळायची माती थापली. शेवटी गादीच्या कडेला सुईने चार भोकं पाडली, उरलासुरला घुमार तिथून निघून जावा म्हणून. प्रत्येक बदलानंतर मायक्रोफोन नळाच्या पाइपाला टेकवायचा, नळ केसभर उघडायचा आणि ऐकायचं. मग पुन्हा स्क्रू काढायचे.

असे चौदा रविवार गेले. आम्पारो, माझी बायको, शेजारणींना सांगायची, "दुसऱ्यांचे नवरे सुट्टीच्या दिवशी बायकोचं ऐकतात. माझा नळाचं ऐकतो."

पण चौदाव्या रविवारी काय आवाज लागला म्हणून सांगू! काच पुसावी तसा साफ. नळाची सळसळ कानात अशी आली की पाण्याचे थेंब मोजावेत. बाहेर कचऱ्याची गाडी घरघरत उभी होती, ती मला ऐकूसुद्धा आली नाही. सोमवारी मी एका सकाळी तीन गळत्या पकडल्या. पुढची काही वर्षं खात्यात माझा असा काही बोलबाला झाला की मी शेफारलोच. कुणी हेडफोन सुधारून मागितला की मी आधी भाव खायचो, मग सुधारून द्यायचो. लोक मला उस्ताद म्हणायला लागले आणि मी त्याला ओ द्यायला लागलो.

शहराच्या पूर्वेला एका गल्लीत दोन्या क्रिस्पिना राहायच्या; मोठ्या बाईला आम्ही मानाने दोन्या म्हणतो. साठी उलटलेली विधवा बाई, कोपऱ्यावर सकाळी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाल आणि आतोले, म्हणजे मक्याची गरम पेज, विकायच्या. फार वर्षांपूर्वी त्यांच्या दारातली गळती मी शोधून दिली होती. तेव्हापासून मी त्या बाजूला दिसलो की हिरव्या मिरचीचा तमाल माझ्या हातात पडायचा, नको म्हणायची सोय नव्हती. मार्चमध्ये त्यांची तक्रार आली. नळाला धार नाही, स्वयंपाकघराची फरशी पोकळ वाजते, आणि पायाखालून घुरघुर ऐकू येते.

आम्ही पहाटे गेलो, रहदारी सुरू व्हायच्या आत. मी गल्लीत दर दोन पावलांवर मायक्रोफोन ठेवला. मग दारात, मग स्वयंपाकघरात. काही नाही. माझ्या हेडफोनमध्ये इतकी शांतता होती की स्वतःचं नाक वाजलेलं कळत होतं.

"कोंपाद्रे," लेओबार्दो म्हणाला. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यात तो धर्मपिता होता, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रेच म्हणतो. "या गल्लीतला पाइप बदललाय. बिडाचा काढून दोन वर्षांपूर्वी काळा प्लॅस्टिकचा टाकलाय."

"मग चांगलंच झालं की. नवा पाइप आहे."

"नवा असला तरी जोडाला सुटतो. जरा जास्त वेळ ऐक."

"तू पहार सांभाळ. ऐकायचं मी बघतो."

तो गप्प बसला. वीस वर्षांच्या सोबतीत तो माझ्यासमोर किती वेळा असा गप्प बसला असेल, देव जाणे. दोन्या क्रिस्पिना दारात हात पुसत उभ्या होत्या.

"पण उस्ताद, ती घुरघुर?"

"रस्त्यावरचे ट्रक असतील. नाहीतर शेजाऱ्यांचा पंप. फरशी बसवताना खाली भराव नीट केला नसेल, म्हणून पोकळ वाजते. बावीस वर्षं ऐकतोय मी, दोन्या."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार," त्या म्हणाल्या.

मी कागदावर लिहिलं : गळती आढळली नाही, जमीन कोरडी. खाली माझी सही, तिच्याखाली लेओबार्दोची. निघताना तमाल मिळालाच.

महिन्याभराने पुन्हा बोलावणं आलं. आता स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकत होतं आणि खिडकीपासून एक चीर खाली उतरली होती. घुरघुरीचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमच्या भागात चिरा कुठल्या घराला नाहीत! तरी मी पाऊण तास ऐकलं. लेओबार्दोला दाखवायचं होतं ना. शांतता. दुसरा कागद लिहिला, पहिल्यापेक्षा ठसठशीत अक्षरात.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "बरं झालं. जावई सारखा मागे लागलाय, घर सोडा आणि आमच्याकडे चला म्हणून. या चिरा बघून घाबरलाय तो. आता त्याला हे दाखवते." आणि ग्वादालूपेच्या माउलीच्या तसबिरीशेजारी त्यांनी तो कागद टाचणीने लावून टाकला.

त्यानंतर दीड महिना गेला. मेमधला शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. खात्यात नव्याने लागलेल्या रेमिहिओने त्याचा कोरा हेडफोन माझ्याकडे सुधारायला दिला होता. माझी एक पद्धत होती. कुठलाही हेडफोन उघडण्याआधी तो आहे तसा एकदा ऐकायचा, म्हणजे आपण काय सुधारलं ते कळतं. पेटी आणि मायक्रोफोन मी नियम मोडून घरीच ठेवायचो. मायक्रोफोन नळाच्या पाइपाला टेकवला, नळ केसभर उघडला आणि रेमिहिओचा हेडफोन कानाला लावला.

घुरघुर. जाड, संथ, न थांबणारी. मोठ्या पातेल्यात मका शिजताना येतो तसा आवाज.

"बघ काय चिखल आहे हा," मी आम्पारोला म्हटलं. ती शेजारी बसून भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. "असलं ऐकून हा पोरगा गळती शोधणार!"

मग तुलनेसाठी माझा हेडफोन लावला.

काहीच नाही.

वायर हलवली. पेटीचा आवाज वाढवला. काहीच नाही. "नळ बंद केलास का गं?"

"डोळे आहेत ना तुला? धार लागलीय. पाणी फुकट जातंय, बंद कर तो आधी."

धार खरंच लागली होती. पाणी माझ्या डोळ्यांसमोर वाहत होतं आणि चौदा रविवार खपून तयार केलेला माझा हेडफोन सांगत होता की इथे पाणी नाही. मी नळाखाली हात घालून पाइप चाचपला. गुळगुळीत, हलका. गेल्या ईस्टरला आम्पारोच्या भावाने आमचे गंजके लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले होते. त्यानंतर मी एकही हेडफोन सुधारला नव्हता.

मी खाली बसलो. आम्पारोने सुरी बाजूला ठेवली. "काय झालं, फिदे?"

"लोखंडाचा, बिडाचा पाइप बारीक बोलतो," मी म्हणालो. "प्लॅस्टिकचा बारीक आवाज वाटेतच मरतो. तो जाडच बोलतो. आणि जाड आवाज मी मारून टाकलाय. पट्टी लावून, भोकं पाडून. स्वतःच्या हाताने."

"मग पट्टी काढ."

"दोन्या क्रिस्पिनांच्या गल्लीत प्लॅस्टिकचा पाइप आहे."

माझे दोन्ही कागद तिला माहीत होते. घरी येऊन मीच फुशारकीने सांगितलं होतं.

आता माझी लाज सांगतो. मी लगेच उठलो नाही. मनात हिशेब सुरू झाले. सोमवारी जावं, लेओबार्दोला घेऊन, नेहमीची फेरी आहे असं दाखवावं. नवीन गळती सापडली म्हणावं. गळती काय, रोज नवीन होते. जुने कागद कोण बघतंय? आम्पारोला मी एवढंच म्हणालो, "आज सुट्टी आहे. सोमवारी बघतो."

"सोमवारपर्यंत ती बाई त्या फरशीवरून उठून कुठे जाणार आहे?" आम्पारो म्हणाली. "का तुझी अब्रू वाचायची वाट बघत उभी राहील ती फरशी?"

तिने पेटी उचलून माझ्या मांडीवर आदळली. मी लेओबार्दोला फोन केला, रस्त्यावरची पाण्याची चावी बंद करायची सळई घेऊन थेट तिथे ये म्हणून सांगितलं, आणि दोन्ही हेडफोन घेऊन निघालो. बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभाच होतो.

दोन्या क्रिस्पिनांच्या उंबऱ्यावरच मायक्रोफोन ठेवला. रेमिहिओचा हेडफोन. तीच घुरघुर, पण माझ्या घरच्या नळाची दहापट. एका जागी नाही, सगळीकडे. त्या आवाजाला तळच नव्हता. फरशीखाली माती उरलेली नाही, पाण्याने भरलेली पोकळी आहे, एवढं मला एका मिनिटात कळलं. आत दोन्या क्रिस्पिना रविवारच्या विक्रीचे तमाल लावत होत्या. भलंमोठं भांडं शेगडीवर, घरभर वाफ.

"या उस्ताद! आज शनिवारचे कसे?"

"दोन्या, बाहेर या. आत्ता."

"वीस मिनिटं थांबा, एवढी वाफ येऊ दे."

"वीस मिनिटं नाहीत. शेगडी बंद करा आणि चला. फरशीखाली पोकळ आहे."

त्या हसल्या. खरंच हसल्या. पळीने भिंतीकडे दाखवलं. "तुमचाच कागद आहे की हा. जमीन कोरडी. जावयाला दाखवला, तो गप्प झाला."

"तो कागद खोटा आहे."

"म्हणजे? तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"खोटं नाही बोललो. मला ऐकू आलं नाही."

"तुम्हाला? बावीस वर्षं ज्याला ऐकू येतं त्याला?" त्यांचा आवाज आता कडक झाला. "दोनदा आलात, पाऊण पाऊण तास बसलात. आज उन्हातून पळत आलात, घामाघूम आहात. काही घरी भांडण झालंय का? बसा, पाणी प्या."

कसं सांगायचं? पट्टी, छिद्र, गादीची भोकं, हे सगळं मी घाईघाईने सांगत होतो आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्या माझ्यावरच्या विश्वासापायी जागच्या हलत नव्हत्या. हात धरून ओढावं तर झटापटीत फरशीवर आपटायची भीती. शेवटी मी उंबऱ्याबाहेरूनच मायक्रोफोन आत सरकवला आणि माझा हेडफोन त्यांच्याकडे लांब केला.

"एकदा ऐका. मग बसा हवं तर."

त्या उंबऱ्याशी आल्या. कपाळावर आठ्या घालून त्यांनी माझा हेडफोन लावून घेतला. "काही नाही येत."

"हाच लावून मी ते कागद लिहिले. आता हा लावा."

रेमिहिओचा हेडफोन लावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. कितीतरी वेळ त्यांनी तो काढला नाही. मग काढला, माझ्या हातात दिला, आत जाऊन शेगडी बंद केली, खुंटीवरची शाल घेतली आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

लेओबार्दो आला होता. आम्ही दोघांनी मिळून चावी फिरवली. गंजलेली होती, चाळीस फेरे तरी झाले असतील. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसंही बाहेर काढली. अडीचच्या सुमाराला फरशीच्या मधोमध आधी एक खळगा पडला. मग शेगडी कलली, भांडं घसरलं, आणि मग सगळंच एकदम खाली गेलं. धूळ खाली बसली तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी पाणी भरलेला खड्डा होता. पुढच्या खोलीची भिंत एका बाजूने सुटून लटकत होती. जीव कुणाचा गेला नाही, पण घर म्हणावं असं काही उरलं नाही.

तासाभरात आमच्या खात्याचे इंजिनियर सालदिवार गाडीतून उतरले. गल्लीत गर्दी जमली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं की हे सुट्टीच्या दिवशी धावत आले, ह्यांनी ऐकलं, ह्यांनी बाईला वाचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझ्या हातात थंड सरबताची बाटली दिली.

"शाब्बास, फिदेन्सिओ!" इंजिनियरांनी माझा खांदा दाबला. "हेच ना ते घरी सुधारलेले हेडफोन? सोमवारपासून सगळ्या खात्याचे असेच करून दे. मी वर बोलतो."

खोटं कशाला सांगू, एक क्षण ते मला गोड लागलं. बाटली हातात होती, माणसं कौतुकाने बघत होती. तोंड बंद ठेवलं असतं तर मी गल्लीचा देव होऊन घरी गेलो असतो. लेओबार्दो जमिनीकडे बघत होता. दोन्ही कागदांवर त्याचीही सही होती आणि त्याच्या पेन्शनला चार महिने उरले होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "ज्यातून ऐकू आलं तो खात्याचा कोरा हेडफोन. माझ्या सुधारलेल्याने दोनदा इथली जमीन कोरडी सांगितली. मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये. मीच सही केली. माझं ऐकलं म्हणून ही बाई घरात राहिली."

टाळ्या वाजवणारे हात जागच्या जागी राहिले. इंजिनियरांनी मला जरा बाजूला ओढलं आणि आवाज खाली आणला. "हे इथे बोलायची जागा आहे का? सोमवारी बघू."

"बोलू दे त्याला," लेओबार्दो म्हणाला. "सही माझीपण आहे."

दोन्या क्रिस्पिनांना शेजाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. माफी मागायची होती, पण त्या खड्ड्यासमोर तो शब्द इतका हलका वाटला की तोंडातून फुटेना. शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी तसं काही केलं नाही. शाल सारखी केली आणि शांतपणे म्हणाल्या, "ती घुरघुर मला रोज ऐकू यायची, उस्ताद. पहाटे मका धुताना पायाखालून यायची. तुम्ही म्हणालात, काही नाही, तेव्हा मला वाटलं माझेच कान बिघडले. दवाखान्यात गेले. त्यांनी थेंब दिले. अडीच महिने दोन्ही कानांत घालतेय. थेंबांनी फरक पडला नाही, घुरघुर येतच राहिली, पण तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हा तुम्हाला सांगायची मला लाज वाटली."